अक्काच्या मेंडोलिनच्या आठ चाव्या

लोक डहाणूला समुद्र पाहायला जातात, घोलवडचे चिकू खायला जातात, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला जातात. मी गेलो तो रागावून. पौषातली छान थंडी, दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, वळणावळणाचा घाट, आणि गाडी चालवणारा माणूस एकटाच हातवारे करतोय, असं ते दृश्य होतं. शेजारी आमची शुभा संत्रं सोलत बसली होती. त्र्यंबक सोडल्यावर तिने एकदाच विचारलं, "अहो, कोणाशी भांडताय?"

"दुकानदारांशी."

"ते नाशकात राहिले. आता मोखाडा येईल. इथल्या कोणाशी भांडण नाही ना आपलं?"

तोवर नव्हतं.

माझी थोरली बहीण, अक्का, तलासरीला राहते. चाळीसेक वर्षांपूर्वी तिकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून गेली, तिथल्याच एका मास्तरांशी लग्न केलं, निवृत्त झाली, भाऊजी गेले, तरी नाशिकला परत आली नाही. "येऊन काय करू? तुझी कुरकूर ऐकत बसू?" असं तिचं म्हणणं. तिच्याकडे एक मेंडोलिन आहे. वापीचा कुठला तरी ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा भाऊजींनी ते आणलं. शाळेला पेटी मंजूर झाली होती, पण ती शेवटपर्यंत कागदातून बाहेर आली नाही. मग अक्काने या मेंडोलिनवरच दोन पिढ्यांना प्रार्थना आणि कविता शिकवल्या.

आता त्याच शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारी मेळावा ठरवला होता. काशिनाथ नावाचा तिचा एक विद्यार्थी आज वनखात्यात आहे, तोच सगळ्याचा पुढारी. त्याने अक्काला बजावलं होतं, "बाई, भाषण नको. मेंडोलिन घेऊन या. प्रार्थना तुमीच वाजवायची." अक्का हो म्हणून बसली, आणि मग मला फोन केला. कारण मेंडोलिन दोन वर्षं खोक्यात पडून होतं. चाव्या गेल्या होत्या.

ज्यांनी मेंडोलिन जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याला तारा आठ, पण त्या जोडीजोडीने नांदतात. चार जोड्या. जोडीतल्या दोघी एकाच सुरात लागायला हव्यात, तर ते वाद्य गोड. एखादी केसभर उतरली, की नवरा-बायको एकच किस्सा एकाच वेळी सांगायला लागल्यावर जे होतं ते होतं. तंबोऱ्याची लाकडी खुंटी निदान दाबून पिरगाळता येते. इथे डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी पट्टी, प्रत्येक पट्टीवर चार चाव्या, प्रत्येक चावीला मळसूत्र आणि त्यात अडकलेलं इवलंसं दातेरी चक्र. दाते झिजले की चावी फिरते आणि तार जागची हलत नाही, किंवा हलून परत येते. अक्का म्हणायची, "मी तिला वर चढवते, ती आपली माघारी येते. सासरी नांदतच नाही."

"मग नव्या चाव्या घे," असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. दोन महिने झाले त्याला.

आजच्या जगात चाव्या मिळतात त्या गिटारच्या. घरपोच आलेल्या पहिल्या पुडक्यात तीन-तीनच्या दोन पट्ट्या निघाल्या. वर चित्र मेंडोलिनचं! मी फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, चित्र फक्त माहितीसाठी असतं." मग वस्तू कशासाठी असते? नाशकातल्या एका दुकानदाराने तर, "सर, ते भिंतीवर लावा, फार क्लासिक दिसतं," असा सल्ला दिला. दुसऱ्याने माप मागितलं. मापाशिवाय चाव्या मागायला आलेला मी पहिलाच, अशा चेहऱ्याने मागितलं.

आमच्या घराण्यात माप दोऱ्याने कळवतात. बांगडीचं, अंगठीचं, ब्लाउजच्या बाहीचं, फोटोच्या चौकटीचं सुद्धा. दोऱ्याला गाठी मारायच्या आणि पाकिटात घालून पाठवायचा. अक्काने पहिल्या चावीच्या भोकापासून चौथ्या चावीच्या भोकापर्यंतचं अंतर दोन गाठींत बांधून पाठवलं. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, तीस वर्षं कालव्यांची मापं घेत आलोय. दोरा फूटपट्टीवर धरला, आकडा लिहून घेतला, आणि नाशकातल्या तिसऱ्या दुकानातून बरोबर त्या मापाच्या आठ चाव्या मिळवल्या. त्या आता मागच्या सीटवर होत्या. त्यांच्या शेजारी आमचं ड्रिल मशीन होतं. लागलंच तर असू द्यावं म्हणून.

शुक्रवार, चारोटी ते तलासरी

जव्हारवरून खाली उतरत कासा गाठलं, की हवा बदलते. घाटातली कोरडी थंडी जाते आणि समुद्राकडची चिकट ऊब लागते. चारोटीला आमचा निवांत रस्ता अहमदाबाद हायवेला मिळतो, तिथे आपण एकदम मुंगीसारखे होतो. ट्रक, टँकर, परत ट्रक. नाक्यावर चहा घेतला. चहात गवती चहा आणि पुदिना दोन्ही. नाशकात असा चहा घरी सर्दी झाल्यावर करतात, इथे पाहुण्याला देतात.

तलासरीच्या अलीकडे रस्त्याकडेला मडकी उपडी ठेवून भोवती जाळ केलेला दिसला. शुभाने गाडी थांबवायला लावली. त्याला उंबाडियू म्हणतात, पदार्थ मूळचा गुजरातकडचा. मडक्यात हिरवा पाला, त्यात वालपापडी, कंद, रताळी, बटाटे, वर हिरवा मसाला, आणि मडकं उलटं करून भाजायचं. आपल्या रायगडच्या पोपटीचा मावसभाऊ म्हणा. विकणाऱ्या बाईने मडकं फोडल्यासारखं उघडलं, वाफेबरोबर ओव्याचा वास आला आणि माझा राग पाच मिनिटं कुठे गेला ते कळलं नाही. कंद जांभळा, लोण्यासारखा मऊ. जीभ भाजली. मग परत आला राग.

अक्का ओट्यावर वाटच पाहत होती. सहासष्ट वर्षांची, सडसडीत, केसांचा एवढासा अंबाडा. मला बघून म्हणाली, "विन्या, पोट केवढं सुटलंय! कालवा फुटेल एखाद दिवशी." आणि शुभाला, "याला तूच लाडावून ठेवलंयस." एवढं स्वागत झाल्यावर खोकं पुढे आलं.

मी उजव्या बाजूची पट्टी तशीच ठेवली आणि डाव्या बाजूची जुनी पट्टी काढली. चार स्क्रू, त्यातले दोन गंजलेले. चारही तारा गुंडाळून ठेवल्या. नवी पट्टी हातात घेतली. पहिला दांडा भोकात गेला. दुसरा गेला. तिसरा भोकाच्या काठावर बसला. चौथा तर पूर्ण बाहेर, लाकडावर.

मी पट्टी उलटी करून पाहिली. मग नव्या जोडीतली उजवी पट्टी डावीकडे लावून पाहिली. तीच गत.

"बसत नाहीये का रे?" अक्काने विचारलं.

"बसेल. न बसायला काय झालं? माप बरोबर आहे. कारखान्यात काय वाट्टेल ते बनवतात हल्ली! आठ भोकं नीट पाडता येत नाहीत या लोकांना आणि म्हणे स्टँडर्ड!" मी उठलो. "भोकं थोडी मोठी करू. दोन मिनिटांचं काम."

ड्रिल मशीन बाहेर काढलं. अक्काने ते बघितलं आणि मेंडोलिन उचलून छातीशी धरलं. मी समजावलं, की लाकूड आहे, दोन-दोन मिलिमीटर तर वाढवायचंय, दुकानदारानेच सांगितलंय की बसलं नाही तर भोक वाढवा. ड्रिलचा बिट लावायला डबी उघडली तर डबीत एकही बिट नव्हता.

"बिट कुठे गेले?"

"मला काय माहीत?" शुभा म्हणाली. तिच्या पदराच्या टोकाला एक घट्ट गाठ होती आणि ती खणखणत होती.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. अक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "नसेल व्हायचं तर राहू दे रे. काशिनाथला सांगते, टाळ्यांवर म्हणू प्रार्थना." तिने इतकं सहज म्हटलं, की मला ते जास्तच लागलं.

शनिवार, डहाणू

तलासरीत वाद्यांचं दुकान नाही, डहाणूला आहे म्हणाले. आम्ही तिघं निघालो, अक्काच्या मांडीवर मेंडोलिन. परत हायवेने चारोटी, तिथून पश्चिमेला डहाणू. रेल्वे फाटकापाशी अडकलो आणि बाजारात पोचलो तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. दुकानदार किशोरभाई शटर अर्धं ओढून वाकून बाहेर येत होते.

"भाई, फक्त पाच मिनिटं!"

"चार वाजता या, साहेब."

"आम्ही तलासरीहून आलोय."

"तर मग थकला असाल. आराम करा," ते प्रेमाने म्हणाले आणि स्कूटरवर बसून जेवायला गेले.

अख्खं डहाणू जेवायला गेलं होतं. एकेक शटर खाली आलं आणि दहा मिनिटांत बाजारपेठ अशी निजली, जशी आमच्याकडे ग्रहणातही निजत नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून या प्रथेवर माझं मत मांडलं. ऐकायला एक कुत्रा होता. अक्का म्हणाली, "दुपारी झोपणारं गाव सुखी असतं. चल, समुद्रावर."

समुद्र खूप आत गेला होता. सुरूच्या झाडांखाली आम्ही चिकू खाल्ले. इथले चिकू आपल्याकडे येतात ते वाटेत पिकलेले. इथे खाल्ला तर साखरेत दाणेदार वाळू घातल्यासारखी चव येते, आणि सालीला अजून झाडाचा वास असतो. खाडीच्या बाजूला बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, रांगेने, तोंडात तोंड अडकवून. शुभा म्हणाली, "बघा, तुमच्यापेक्षा यांच्या जोड्या नीट लागल्यात." मी त्यावर हसलो नाही.

चार वाजता किशोरभाई ताजेतवाने होऊन आले. दुकानात स्पीकर, कीबोर्ड, ढोल, लग्नाच्या बँडचे बेंजो. त्यांनी मेंडोलिन उजेडात धरून पाहिलं.

"हे कोण वाजवतो आता? ताई, तुमी कीबोर्ड घ्या. त्याच्यात मेंडोलिनचा आवाज पण आहे. बटन दाबा, आला."

"त्यात मी कुठे आले?" अक्काने विचारलं.

"गिटारच्या चाव्या देतो मग. सहा. चार पाहिजे तिथे तीन लावा, दोन तारा कमी करा. फरक कोणाला कळतो?"

दोन तारा कमी करा! मी काउंटरवर हात आपटला. जोड्यांतल्या दोन बायका माहेरी पाठवा आणि संसार चालू ठेवा, असं सांगण्यासारखं होतं हे. हे वाद्य जोड्यांसाठी बनवलंय, फरक कोणाला कळतो म्हणजे काय, अर्धवट बहिऱ्या लोकांसाठी सगळं जग चालवायचं का, असं मी बरंच बोललो. किशोरभाई शांतपणे ऐकत होते. जेवून झोपलेल्या माणसाला राग येत नाही, ही त्या गावाची खरी ताकद आहे.

माझं संपल्यावर ते अक्काला म्हणाले, "ताई, चाव्या नाय मिळणार. पण मसोलीला जगूभाऊ आहे, डायवाला. बारीक काम त्याच्याशिवाय कोणाला नाय जमणार. तुमच्या भावाला बोलू देऊ नका तिथे."

डहाणू-चिंचणीकडे हा धंदा घराघरांत आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. सोन्याच्या दागिन्यांची पानं, मोर, कोयऱ्या, फुलं, ही सगळी आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरतात. त्या ठोकळ्याला डाय म्हणायचं. त्यावर पत्रा ठेवून दाबला की पत्र्यावर नक्षी उठते. आपल्या आयाबहिणींच्या गळ्यातली निम्मी नक्षी मसोलीसारख्या ठिकाणी खिडकीपाशी बसलेल्या कोणीतरी कोरलेली असते, आणि तिथे नाव लिहायला जागा नसते.

जगूभाऊ घराच्या पडवीतच बसतात. साठीचे, बनियनवर स्वेटर, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवलेलं. समोर बोटाएवढ्या छिन्न्या रांगेने. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोमवारी या. ऑर्डर आहे."

"कार्यक्रम उद्या अकराला आहे हो!" मी म्हणालो. शुभाने माझ्या पायावर पाय ठेवला.

अक्का पायरीवर बसली. तिने विनवणी वगैरे केली नाही. उजव्या पट्टीवरच्या चार तारा अजून लागलेल्या होत्या. त्यातली एक जोडी तिने छेडली. एक तार सुरात, दुसरी घसरलेली. आवाज थरथरत, कुरकुरत गेला.

जगूभाऊंचा हातोडा थांबला. "परत वाजवा."

तिने वाजवलं.

"हे असं का बोलतंय? पोलादाला आतून चीर गेली ना, की ठोकल्यावर असंच बोलतं. असला ठोकळा मी हातात पण नाय धरत." त्यांनी तोंड वाकडं केलं. "बंद करा, बंद करा. आणा इकडे. जुन्या चाव्या कुठायत?"

अक्काने रुमालातून जुनी पट्टी काढली. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, एकेक चावी फिरवली, उजव्या पट्टीवरच्याही फिरवल्या, ब्रशने रॉकेल लावलं, परत फिरवल्या.

"आठातल्या सहा चांगल्या आहेत. मळ बसलाय फक्त. दोनच झिजल्यात, या पट्टीवर एक, त्या पट्टीवर एक. सगळं फेकायला कोणी सांगितलं?"

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

"आणि ही नवी पट्टी?" त्यांनी माझी खरेदी बोटांच्या चिमटीत उचलली. "ही या वाद्याची नाय. माप कसं घेतलेलं?"

मी ताठ मानेने पाकिटातून दोरा काढला. जगूभाऊंनी जुनी पट्टी फळीवर ठेवली आणि दोरा तिच्या शेजारी नुसता अंथरला. पहिल्या गाठीला पहिलं भोक, दुसऱ्या गाठीला चौथं. तंतोतंत. त्यांनी वर पाहिलं. "माप तर बरोबर पाठवलंय ताईंनी. तुमी कसं धरलं होतं, दाखवा."

मी धरलं. जसं तीस वर्षं धरतोय तसं. खात्यात टेप ढिली धरली की साहेब ओरडतात, म्हणून दोन्ही टोकांना चिमटीत पकडून, ताणून, टणक. दुसरी गाठ सरकली आणि भोकाच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"सुती दोरा आहे, साहेब," जगूभाऊ म्हणाले. "हा कालवा नाय."

शुभा आधी खोकली, मग पदर तोंडात धरला, मग तिने तोही सोडला. अक्का तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. "विन्या, अरे बांगडीचं माप कधी ताणून घेतात का? आपल्या आईने ऐकलं असतं तर!"

दोन महिने मी ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या त्यातला निदान तिसरा दुकानदार निर्दोष होता, हे मला मान्य करावं लागलं. बाकीच्यांवरचा राग मी राखून ठेवला. विशेषतः चित्रवाल्यांवरचा.

मग जगूभाऊंनी काय केलं ते मी आयुष्यभर सांगेन. म्हणाले, चुकीची आहे ती पट्टी, चक्रं चांगली आहेत. माझ्या नव्या पट्टीवरून दोन चाव्या त्यांनी सोडवल्या, चक्र, मळसूत्र, दांडा सगळ्यासकट. जुन्या पट्ट्यांवरच्या दोन झिजलेल्या काढल्या आणि त्यांच्या जागी या बसवल्या. नवे दांडे जरा जाड होते. ते त्यांनी कानशीने उतरवले, चार वेळा घासायचं आणि एकदा भोकात घालून पाहायचं, परत चार वेळा. लाकडाला हात लावला नाही. "भोक मोठं करणं सोपं असतं," असं एकदा स्वतःशीच म्हणाले, आणि माझ्या गाडीतल्या ड्रिल मशीनला ते ऐकू जाईल की काय असं मला वाटलं. उजेड कमी झाला तसा त्यांनी दिवा जवळ ओढला. त्यांच्या बायकोने चहा आणला, आतल्या खोलीत टीव्हीवर गुजराती बातम्या चालू होत्या. सातच्या सुमाराला पट्ट्या बसवून, तारा अडकवून त्यांनी मेंडोलिन अक्काच्या हातात दिलं. "फिरवा."

अक्काने फिरवली. तार चढली. तिने हात काढला. तार तिथेच राहिली.

रविवार, तलासरी

मेळावा शाळेच्या मैदानात. मंडप, लाल खुर्च्या, आणि माणसापेक्षा उंच दोन स्पीकर, ते बघूनच मला शंका आली. दोनेकशे माणसं आली होती. नर्स, शिपाई, ग्रामसेवक, एसटीचे ड्रायव्हर, डोंगरपट्टीतल्या गावांतून भात-नागलीची शेती करणारे, कारखान्यातून रजा काढून आलेले. सायवनहून एक बाई नातवाला घेऊन आली होती. तिने अक्काच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "बाई, माझा कान अजून दुखतो, तुमी पिळलेला." अक्काने तिचा दुसरा कान धरला. "हा राहिला होता."

प्रार्थनेची वेळ झाली. अक्का स्टेजवर बसली. रात्री घरी सगळं लावून ठेवलं होतं, पण तारा नव्याने चढवलेल्या, सकाळचा गारवा, वर मंडपात ऊन तापत चाललेलं. सगळ्या जराजरा हलल्या होत्या. तिने पहिली जोडी लावायला घेतली. चावी, टण. चावी, टण.

सूत्रसंचालन करणारा तरुण इथला माजी विद्यार्थी नव्हता, स्पीकरवाल्यांबरोबर आलेला. तो अर्धा मिनिट थांबला. मग माइकवर म्हणाला, "बाईंचं वाद्य तयार होईपर्यंत आपण एक मस्त गाणं ऐकू या!" आणि खूण केली. स्पीकर धडधडले. खुर्च्या हादरल्या.

अक्काने हात मांडीवर ठेवले.

माझ्या डोक्यात जे उसळलं त्याला राग हा शब्द लहान आहे. नाशिक ते तलासरी, चारोटी, डहाणू, मसोली, दोन महिने, आठ चाव्या, आणि हा पोरगा तिला वाजू देणार नाही? मी उठलो. वायर कुठली ते मला माहीत नव्हतं, सगळ्याच ओढायचा बेत होता. स्टेजपर्यंत पोचलो असेन नसेन, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज स्पीकरच्या वर चढला, "ए, बंद कर ते! बाई तार लावतात, दिसत नाय?"

"बंद कर!" दुसऱ्या बाजूने कोणी ओरडलं. मग पाच-पन्नास जणांनी. काशिनाथ माझ्या आधी तिथे पोचला होता. त्याने सूत्रसंचालकाच्या हातातून माइक काढून घेतला, बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. गाणं मधेच तुटलं.

एकदम शांत झालं. लांबवर हायवेची घरघर तेवढी.

अक्काने परत चावीला हात घातला. टण. आणि तेव्हा दुसऱ्या रांगेतून कोणीतरी तोंड मिटून एक स्वर धरला. सा. मग शेजारच्याने. मग ती सायवनची बाई. मी काशिनाथकडे पाहिलं, तो हळूच म्हणाला, "शाळेत पेटी नव्हती ना, साहेब. बाईंची तार लागेस्तोवर आमी सगळ्यांनी सा धरून बसायचा. कोणी सोडला की छडी." आणि मग त्यानेही डोळे मिटून धरला.

दोनशे माणसं तो एक स्वर धरून बसली होती. ड्रायव्हर, नर्स, शिपाई, पांढऱ्या केसांचे लोक, बाकांवर ताठ बसलेल्या पोरांसारखे. अक्का त्यांच्या स्वरावर एकेक तार लावत होती, अजिबात घाई न करता. चार लागल्या. पाच. सहा. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला कोणाचाच राग आला नव्हता. मी पण डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि सा धरला.

अक्काचा हात थांबला. तिने मान वर केली, कान जरा कलता केला, आणि तिचं बोट रांगांवरून हळूहळू फिरत आलं.

"कोणीतरी खाली उतरतंय," ती म्हणाली. बोट माझ्यावर येऊन थांबलं. "विन्या, तू नको."

दोनशे माना वळल्या. सा मात्र कोणी सोडला नाही. मी तोंड मिटलं, आणि तिने उरलेल्या दोन तारा लावल्या.